सात अटींचं पान

मयूर विहार, दिल्ली
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वरूपा,

तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाचा एक फायदा असतो. समोरच्याने वाचलं की नाही हे दाखवणाऱ्या निळ्या खुणा त्यावर उमटत नाहीत, त्यामुळे मला निदान आशा ठेवता येते. तू व्हिएन्नाला संस्थेच्याच कामाला गेलीस असं धरून चालले आहे; तिथला पत्ता तुझ्या आईकडून घेतला. काकूंनी तो तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा वेगळा सांगितला. मधला मला जास्त युरोपीय वाटला, तोच पाकिटावर घातला आहे.

आता मुद्दा. आपला देश आणि अणुभट्ट्या विकणारा तो देश यांचा संयुक्त कार्यगट, त्याच्या बैठकीला जाणारं आपल्या संस्थेचं (तुझी नोकरी, माझी भाषांतरं) शिष्टमंडळ, आणि त्यात सहावं नाव माझं. "खारकातळच्या लोकांशी काय बोलणं झालं ते दहा मिनिटं तूच सांग वृंदा, ते निवेदन तूच इंग्रजीत आणलंयस," अणुभट्टी यायची आहे त्या गावाबद्दलचे हे तुझे शब्द, जूनमधले. ऑक्टोबरात यादी आली तेव्हा तीत पाच नावं होती. पाचाच्या पुढे सहा येतात हे मला बालवाडीपासून ठाऊक असल्यामुळे मी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

संस्कृत शिकवणाऱ्या बाईला अणुऊर्जेच्या बैठकीला नेतंय कोण, असं विश्वास म्हणाला. (विश्वास म्हणजे अजून तोच नवरा, बदललेला नाही.) त्याचं बरोबर असेल. मला राग यादीचा नाही. ती मला कार्यालयाच्या सामूहिक मेलमधून कळली, एसी दुरुस्तीच्या सूचनेखाली, याचा थोडा आहे. सत्तावीस वर्षांच्या मैत्रीला एसीच्या वर जागा मिळायला हरकत नव्हती.

आणि कोटाचं वाईट वाटतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी खास पानिपतला जाऊन लोकरीचा लांब कोट आणला, गडद निळा. मराठी माणूस पानिपतहून धडधाकट, शिवाय हातात पिशवी घेऊन परत आला, याचा मला इतिहासदृष्ट्या अभिमान वाटत होता. आता तो कपाटाच्या दाराला लटकलेला असतो. लादी पुसायला येणारी कमलेश विचारते, "भाभी, ये किसका है?" मी सांगते, एका पाहुणीचा आहे, ती परदेशी गेली.

इथे हवेचा आकडा चारशेच्या वर आहे. तुझ्याकडे म्हणे खिडक्या उघड्या ठेवतात.

बैठक कशी झाली ते कळव. दहा मिनिटं कोण बोललं तेही.

वृंदा

२ डिसेंबर २०२५

स्वरूपा,

तुझं उत्तर नाही. पण खारकातळहून पत्र आलं आहे, आणि तिथे तर मी काही विचारलंही नव्हतं.

भालचंद्र तोडणकर गुरुजी तुला आठवत असतील. एप्रिलमध्ये आपण गेलो तेव्हा समाजमंदिरात पहिल्या रांगेत बसलेले, निवृत्त मास्तर, ज्यांच्या हस्ताक्षराला तू "फाँट" म्हणालीस ते. गावाचं निवेदन त्यांनीच लिहिलं होतं. दोन पानं. पहिल्यावर गाव म्हणत होतं की जमिनीच्या मोजणीला आमची हरकत नाही, पण पुढच्या सात अटींवर. दुसऱ्या पानावर त्या सात अटी.

परवा त्यांचं पत्र आलं, त्याच फाँटमध्ये. 'आदरणीय मॅडम, आपल्या संस्थेचा अहवाल तालुक्याला पाहावयास मिळाला. आमच्या निवेदनाचे पहिले पान आहे, तेही "हरकत नाही" इथपर्यंतच. दुसरे पान छापखान्यात राहिले असावे असे मी लोकांना सांगत आहे. खरे काय ते कळवावे.' सोबत छापील पानाची झेरॉक्स. तळाला प्रमाणपत्र: मूळ मराठीशी पडताळले आहे. आणि त्याखाली माझी सही, चांगली ठसठशीत.

तुला अटी आठवत नसतील तर आठवण करून देते. पहिली: यंत्रात खोट निघून अपघात झाला तर यंत्र बनवणाऱ्यानेही भरून द्यावं, नुसत्या चालवणाऱ्याने नव्हे. तिसरी मला सगळ्यात आवडली होती. गाव रिकामं करायची तालीम होड्या समुद्रात असताना घ्या, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत नको. बंदीत सगळे घरीच असतात, तेव्हा कुणीही पळून दाखवील. पाचवी: कोमट पाणी समुद्रात सोडायच्या आधीपासून मासळीची नोंद गावालाही ठेवू द्या. या अटी घालणारी माणसं प्रकल्पाला नाही म्हणत नव्हती गं. ती विचार करून हो म्हणत होती. दिल्लीत असं हो म्हणणारे मी फार पाहिलेले नाहीत.

आपला पडताळा नेहमीसारखा झालेला असल्यामुळे मजकुरात चूक राहणं शक्य नाही. विद्यापीठात असताना मुनिरकाला घेतलेल्या आपल्या खोलीपासूनची रीत आहे ती. एकीने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसरीने भाषांतरावर बोट ठेवून ऐकायचं, शब्द गळला की टेबलावर टिचकी. माझ्या वडिलांच्या पाठशाळेतून ती मी आणली आणि तू, दिल्लीत घर असून मुनिरकात खोली घेणारी विदुषी, माझा संस्कृत प्रबंध अक्षर न कळता मला मोठ्याने वाचून दाखवत होतीस. उच्चार असे की घरमालक चौधरी एकदा वर येऊन विचारून गेला, कोई बीमार है क्या.

तेव्हा पान छापतानाच गळलं असणार. एक शुद्धिपत्रक काढ. चार ओळींचं काम आहे. सर्वेक्षणावरच्या आक्षेपांची सुनावणी जानेवारीत दिल्लीत आहे, त्याआधी ते फाइलीत लागलं की गुरुजी सुटले आणि आपणही.

वृंदा

२१ डिसेंबर २०२५

स्वरूपा,

फोन केलास, आभारी आहे. तुझा आवाज दोन महिन्यांनी ऐकला. मग तू जे बोललीस तेही ऐकलं. आपली रीत आहे म्हणून ते इथे उतरवून काढते. कुठे चुकलं तर टिचकी मार.

तू म्हणालीस, "अच्छा सुन, पॅनिक नको होऊस."

मी म्हटलं, "मी तीन हजार वर्षांपूर्वीची भाषा शिकवते. आमच्यात घाईने काही होत नाही. पान कुठे आहे?"

"अ‍ॅनेक्शरला टाकलं होतं. मग अ‍ॅनेक्शरच ड्रॉप झाला. लेंथचा इश्यू होता, यार."

"अहवाल एकशे चाळीस पानांचा आहे. एकशे एक्केचाळिसावं जड झालं?"

"तू समजत नाहीयेस. ती पहिली अट वाचून समोरची टीम टेबलवर बसलीच नसती. पंधरा वर्षं गाडी त्याच क्लॉजवर अडकली होती. आणि आता तर नवा कायदा पास झाला ना? सप्लायरवर रिकव्हरीचं ते कलमच गेलं. तुझ्या गुरुजींची अट तशीही मेली."

"मेलेल्याचीही नोंद करतात, स्वरूपा. महापालिकेत त्यासाठी वेगळी खिडकी असते."

तू हसलीस. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. मग मी विचारलं की पहिली मेली, बाकीच्या सहांचं काय, होड्यांच्या तालमीला कुठला कायदा आडवा येतो. त्यावर तू म्हणालीस, "सही तुझी आहे, वृंदा. पडताळलंय असं तूच लिहून दिलंयस. मी फक्त फाइल पुढे पाठवली. आता तू हे उकरलंस तर पहिला सवाल तुलाच होईल. मी बिल्कुल तुझ्या भल्याचं सांगतेय."

माझ्या भल्याचं. हा तुझा शब्द मी रात्रंदिवस चघळते आहे, आणि त्याला चव येत नाही.

फोन झाला त्याच संध्याकाळी विश्वासने मोबाइल पुढे केला. तुझं नवं पद: जनसंवाद सल्लागार, तीच कंपनी, जिची अणुभट्टी खारकातळला यायची आहे. रुजू झाल्याची तारीख एक ऑक्टोबर. त्याखाली दोनशे अभिनंदनं. माझंही धर.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही हे तुला माहीत आहे. या शहरात महिनाभर श्वास घेतल्यावर कुणीही नसेल. आमच्या कॉलेजचा जनरेटर सुरू झाला की माझ्या वर्गातल्या मुली वर्णमालेऐवजी खोकल्याची बाराखडी म्हणतात. वीज हवी आहे, धूर नको आहे, आणि बाहेरच्यांचं तंत्रज्ञान लागेल तर तेही घ्यावं. त्यांच्याशी करार करताना आपण शंभर अटी घालतो, ते दोनशे घालतात, त्यासाठी दुभाषे, वकील, पंधरा वर्षांच्या बैठका. खारकातळने सात घातल्या, तर लेंथचा इश्यू होतो.

तू माझ्याकडून सही काढून घेतलीस आणि तिचं झाकण केलंस. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शब्द शोधणं हाच माझा धंदा आहे.

वृंदा

१० जानेवारी २०२६

स्वरूपा,

गुरुजी दिल्लीत आले आहेत. सुनावणी तेवीसला आहे, पण रेल्वेचं आरक्षण मिळेल तेव्हा निघावं लागतं, म्हणून पंधरा दिवस आधी. पहाडगंजला एका हॉटेलात उतरले आहेत, जिथे गरम पाणी बादलीने मिळतं आणि बादलीसाठी रांग असते. तुझ्या शाळेच्या मागची गल्ली. मी घरी चला म्हटलं, तर म्हणाले, "नको मॅडम. तुमच्याकडे राहिलो तर तुम्ही मला भुलवलंत असं गावात होईल." माकडटोपी, दोन स्वेटर, आणि अंगावर चादर. एवढ्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मी विचारलं, गावात काय म्हणतात.

"मला एकपानी मास्तर म्हणतात," ते म्हणाले. "पोरं नाही म्हणत. मी ज्यांना शिकवलं ते बाप म्हणतात. त्यांचं म्हणणं, दुसरं पान मीच कंपनीला देऊन टाकलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी यंदा बायकोला कुणी बोलावलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, उपास तरी घरी सुटला."

मग चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही ते आम्हाला वाचून दाखवलं होतं ना, समाजमंदिरात. एकेक ओळ. म्हणून लोकांनी सह्या केल्या. म्हातारी कोळीण, तिला ऐकू कमी येतं, तर तिच्यापाशी जाऊन तुम्ही तिसरी अट परत वाचली. त्यामुळे माझा विश्वास आहे, तुम्ही छापायच्या आधीही वाचलंच असणार. मला एवढंच सांगा, तुम्ही वाचलंत तेव्हा पान होतं?"

त्यांनी आरोप केला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. मी म्हटलं, गुरुजी, चहा गार होतोय.

आता तुला लिहायचं ते लिहिते. मागच्या दोन पत्रांत मी दोन ठिकाणी खोटं लिहिलं आहे. पडताळा नेहमीसारखा झाला होता, हे पहिलं. तू माझ्याकडून सही काढून घेतलीस, हे दुसरं. तुला दोन्ही माहीत आहेत, आणि पहिलं तर वाचूनही फोनवर तू ते काढलं नाहीस. ती दया होती की हत्यार राखून ठेवलंस, यावर मी पुष्कळ विचार केला. असो.

तेवीस ऑगस्ट, शनिवार. तू माझ्याकडे आलीस. निवेदनाची आपली प्रत तुझ्या पिशवीत होती, दोन्ही पानं. मी पिशवीतून चष्मा काढून देताना पाहिली. तू म्हणालीस, "उद्या फायनल प्रिंट निघेल. सकाळी बसूया, तासाभराचं काम आहे." आणि मी म्हटलं, उद्या मला पानिपतला जायचंय, बुधवारी गणपती, मग कॉलेज, पुन्हा रविवार मिळायचा नाही. तू म्हणालीस, मग संध्याकाळी बसू. मी म्हटलं, अगं कशाला, प्रमाणपत्राचा कागद दे, सही करून ठेवते, तूच वाच आणि मी समोर आहे असं समज. कोरी सही तू मागितली नव्हतीस. मी दिली. एका कोटासाठी, जो मला दहा मिनिटांच्या भाषणात घालायचा होता. मला वाटत होतं, पन्नाशी उलटलेली, परदेश न पाहिलेली बाई निदान कोटात तरी नीट दिसावी.

तू तो कागद हातात धरून क्षणभर उभी होतीस. दारातच. मी म्हटलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "कुछ नहीं." तो क्षण मला आत्ता दिसतो. मी त्या संध्याकाळी बसले असते तर तू पान वाचलं असतंस का, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित तुलाही नाही.

पण माझा आळस आणि तुझं काम, यांच्यात एक फरक राहतो. मी तुझ्यावर विसंबले म्हणून वाचलं नाही. तू मी वाचणार नाही यावर विसंबलीस.

वृंदा

२९ जानेवारी २०२६

स्वरूपा,

सोबत माझ्या जबाबाची प्रत आहे. सही माझीच, या वेळी वाचून केलेली.

विश्वासने दोन दिवस माझ्याशी वाद घातला. त्याचं म्हणणं, गुरुजींकडे मूळ प्रत आहे, ती त्यांनी दाखवावी, तू कशाला मध्ये. मी त्याला समजावलं की मूळ प्रतीला कुणी विचारत नाही. छापील अहवालावर पडताळल्याची सही आहे म्हटल्यावर दुसरं पान गावाने मागाहून लिहून जोडलं असंच कुणीही म्हणेल, आणि संस्थेच्या वकिलाने ते म्हटलंही. गुरुजी खोटे ठरत होते ते माझ्या सहीने. ती सही फक्त मला खोडता येत होती.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर धुकं, आत हीटर एकच, तोही अधिकाऱ्यांच्या पायांपाशी. मी कोट घातला होता. कमलेशने बटणं लावून दिली आणि म्हणाली, "मेहमान आ गई क्या?"

अधिकारी हैदराबादकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी इंग्रजीत विचारलं की हे प्रमाणपत्र तुमचं का. हो. तुम्ही मजकूर पडताळला होता का. मी म्हटलं, नाही. कोऱ्या प्रमाणपत्रावर आधीच सही करून दिली होती. वकिलाने मान वर केली. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मॅडम, याचा तुमच्यावर काय परिणाम होईल हे माहीत आहे ना. मी म्हटलं, आहे. मग त्यांनी विचारलं, अंतिम प्रत कुणाच्या ताब्यात होती. मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. फोनवर तू काय म्हणालीस तेही सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं, ते मी एकेक अक्षर सांगितलं. सत्तावीस वर्षांत तुझं नाव मी इतकं सावकाश कधी उच्चारलं नव्हतं.

मग वकील म्हणाला, पण दुसरं पान तेव्हाचंच आहे याला पुरावा काय. माझ्याकडे एप्रिलमधली भाषांतराची वही होती, हातची, दोन्ही पानांची, आणि तिच्यावर तुझ्या लाल पेनच्या दुरुस्त्या. 'कातळ' या शब्दावर तू लिहिलं होतंस: यह क्या होता है? तिसऱ्या अटीपाशी लिहिलं होतंस: सुंदर. अधिकाऱ्यांनी वही आणि गुरुजींची मूळ प्रत दोन्ही पाहिलं. मराठी येत नव्हती त्यांना. म्हणाले, जुळतं की नाही हे मला कसं कळणार, वाचून दाखवा.

गुरुजी उभे राहिले. माकडटोपी काढली, डोकं नीट केलं आणि वाचू लागले, वर्गात वाचतात तसं, थांबत थांबत. मी खुर्चीत बसून वहीवर बोट ठेवलं. अट पहिली. अट दुसरी. तिसरी त्यांनी चढ्या आवाजात वाचली, बहुधा ती कमी ऐकू येणारी म्हातारी आठवली असावी. प्रत्येक अट झाली की मी ती इंग्रजीत वाचत होते. वीस मिनिटं लागली. ऑगस्टमध्येही या पानाला वीसच मिनिटं लागली असती. माझी टिचकी तयार होती, पण एकदाही वाजवावी लागली नाही.

दुसरं पान फाइलीत लागलं. अहवाल त्या पानासह कार्यगटाकडे परत जाणार आहे. अटी मान्य होतील असं कुणी म्हटलेलं नाही, पहिली तर होणारच नाही. पण गुरुजींना शिक्का मारलेली प्रत मिळाली. ती त्यांनी स्वेटरच्या आत ठेवली, दुसरी माझ्याकडून झेरॉक्स करून घेतली आणि ती दुसऱ्या स्वेटरच्या आत. परवा ते गेले. येत्या ग्रामसभेत स्वतः वाचणार आहेत.

संस्थेने माझं नाव भाषांतरकारांच्या यादीतून काढलं आहे. कॉलेजने खुलासा मागवला आहे, तो मी देईन. तुझ्या आईचा फोन आला होता. त्यांना कुणीतरी सांगितलं आहे, मी तुझं नाव घेतलं म्हणून. म्हणाल्या, "तुम्ही दोघी एका ताटात जेवलात गं." मी म्हटलं, हो काकू. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. बराच वेळ त्यांच्याकडचा टीव्ही ऐकू येत होता.

तुझा फोन येईल असं अजून वाटतं, आणि आला तर मी उचलीन असं वाटत नाही.

जबाबाच्या मागे दुसऱ्या पानाची प्रत टाचली आहे, गुरुजींच्या हस्ताक्षरातली. सात अटी. तुला एक करता येईल. तुमच्या कार्यालयात कुणीतरी मराठी असेल, निदान भारतीय असेल, नसेल तर कुणीही चालेल. त्याला समोर बसव आणि हे पान मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून. शब्द अडला तर अडू दे, पण गाळू नकोस.

समोर मी आहे असं मात्र समजू नकोस.

वृंदा